आमच्या घरची भानामती

आमच्या घरात भानामती हा शब्द मिठासारखा वापरतात. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, चष्मा सापडेना की भानामती. गॅसची टाकी लवकर संपली की भानामती. प्रभूच्या मोबाईलचा डेटा दुपारीच उडाला की भानामती. हा बाबा अंथरुणात पडून रील बघत बसतो, हे कारण कुणी धरतच नाही. दूध नासलं, विळी हरवली, धुतलेल्या मोज्यांतला एकच मोजा दोरीवर राहिला, सगळी भानामतीच. नळाला सांगितलेल्या वेळेला पाणी आलं, तर अप्पा त्यालाही भानामतीच म्हणतात आणि सगळे हसतात. मीही हसायची. तव्यावर एखादी भाकरी फुगली नाही की मीच म्हणायची, घ्या, भानामती झाली.

हा झाला हसण्यातला शब्द. पण याचा दुसराही एक वापर आहे. तेव्हा तो हळू आवाजात बोलतात, दार लोटून घेतात, आणि बोलून झाल्यावर कुणाचं नाव घेत नाहीत. घ्यावं लागतच नाही. घरात जी बाई नवऱ्यानं टाकलेली असेल, जिला मूल नसेल आणि वर जिची जीभ तिखट असेल, तिच्याकडं सगळ्यांची नजर आपोआप जाते. आमच्या घरात ती बाई मी.

माझं नाव सिद्धेश्वरी. अक्कलकोटकडं दिलेली. मूल होईना म्हणून नवऱ्यानं दुसरी केली, आणि मी त्या दोघांच्या संसारात भांडी घासायला न थांबता सोलापूरला निघून आले. आल्या आल्या रडत बसले नाही. तवा मांडला. ज्वारीच्या कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी करून सात रस्ता चौकातल्या दुकानांत द्यायला लागले. माझा भाऊ प्रभुलिंग, माझ्यापेक्षा लहान, त्याचं लग्न झालं ते त्या तव्याच्या जोरावर. हे मी कुणाला ऐकवत नाही. आज ऐकवते आहे, कारण आज मला राग आलेला आहे.

प्रभूची बायको अक्षता. पोरगी गुणाची, पण सासूपुढं तोंड उघडायचं म्हणजे तिला घाम फुटतो. तिला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण आमच्याकडंच करायचं ठरलं. चैत्र सरता सरता मुलगी झाली. जावळ एवढं की दाईसुद्धा हसली. आणि मी आत्या झाले.

आत्या होणं म्हणजे काय, हे ज्या बाईला आई होता आलं नाही तिला विचारावं. बारशाला बाळाचं नाव आत्या ठेवते. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात नाव सांगायचं, आणि नाव सांगितलं रे सांगितलं की जमलेल्या बायका "कुर्रर्र" करत आत्याच्या पाठीत धपाटे घालतात. प्रभूच्या बारशाला आमच्या आत्याची पाठ लाल झालेली मी पाहिलेली आहे. ती पाठ चोळत होती आणि हसत होती. आपल्यालाही असे धपाटे कधी मिळतील, असं मला त्या वयात वाटून गेलं होतं. आता ते मिळणार होते. मी नाव ठरवून टाकलं, शांभवी. अक्षताला सांगितलं तर ती म्हणाली, "अक्का, लई गोड हाय. पण अव्वांना आत्ता सांगू नका, न्हायतर त्या बदलायला लावतील." अव्वा म्हणजे माझी आई, शरणम्मा. आम्ही दोघी हसलो आणि नाव आमच्यातच ठेवलं.

अव्वानं बाळंतिणीची खोली साग्रसंगीत लावली होती. बाहेर वैशाखाचं ऊन कौलं भाजून काढत होतं आणि आत बाजेखाली शेगडी. खिडकीला गोधडी. बाळाच्या डोक्याला गोल आकार यावा म्हणून अव्वानं स्वतः शिवलेली मोहरीची उशी. मी म्हटलं, "अव्वा, जरा वारा येऊ दे की, पोरगी उकडून निघंल." अव्वा म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं?" बरोबर आहे. मला त्यातलं काय कळणार.

काही दिवसांनी बाळाच्या मानेवर काळपट डाग उठला. दुसऱ्या दिवशी त्याच्या भोवती बारीक फोड आले. मग कानामागं. मग अक्षताच्या दंडावर, जिथं ती बाळाला घेऊन निजायची, तिथं तसाच काळा ओरखडा आणि पाण्यानं भरलेले फोड. खाज एवढी की ती रडायची. दुपट्यावरही काळे ठिपके पडले. मी ते दुपटं साबणानं घासलं, सोड्यात भिजवलं, उन्हात टाकलं. डाग तसूभर हलला नाही.

अव्वानं ते दुपटं हातात घेतलं, उजेडाकडं धरलं, आणि दार लोटून घेतलं.

त्यानंतर तो शब्द आमच्या घरात कुणी हसत बोललं नाही. वळसंगहून फुलाबाई नावाची अव्वाची लांबची बहीण आली. तिनं बाळ बघितलं, अक्षताचा दंड बघितला, दुपटं बघितलं. तिच्या गावात असंच झालं होतं म्हणे. अंगावर आपोआप काळ्या फुल्या उठायच्या, कपड्यांवर डाग पडायचे, आणि करणारी घरातलीच निघाली. हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मी तिच्या पुढ्यात चहाची कपबशी ठेवली, तर तिनं ती हळूच बाजूला सारली. मी भाकरीच्या पिठात हात घातला आणि पीठ एवढं मळलं की भाकरी थापायलाच येईना.

मग एकेक गोष्ट माझ्या हातातून जायला लागली. आधी बाळाचे कपडे धुणं. "राहू दे, निंगव्वा धुईल," अव्वा म्हणाली. निंगव्वा म्हणजे आमच्या धुण्याभांड्याची बाई. मग अक्षताला जेवणाचं ताट नेणं. मग त्या खोलीत पाऊल टाकणं. कुणी मला तोंडावर काही बोललं नाही. बोलले असते तर मी उत्तर दिलं असतं, आणि माझ्या उत्तराची घरात सगळ्यांना धास्ती आहे. बारसं पुढं ढकललं. मी प्रभूला अंगणात गाठलं.

"प्रभू, तुला पण तसंच वाटतंय काय?"

तो गाडीचा आरसा पुसत राहिला. "मला काय वाटतंय अक्का, मला काय बी वाटत न्हाय. पण पोरीचं बघवत न्हाय की."

"दवाखान्यात ने म्हणतेय मी कवापासनं."

"अव्वा म्हणती, आधी बाहेरचं बघू."

लहानपणी याच पोराला मी कडेवर घेऊन शाळेत सोडायची. याला काय बी वाटत नव्हतं.

शेवटी बाळाला ताप आला, तेव्हा मी चप्पल घातली, रिक्षा बोलावली आणि दारात उभं राहून ओरडले की आत्ता दवाखान्यात चला, नाहीतर मी गल्ली गोळा करते. गल्लीपुढं तमाशा नको म्हणून निघाले सगळे. सात रस्त्याच्या जवळ कातडीच्या विकारांच्या एक डॉक्टरीणबाई बसतात. तरुण आहेत, पुण्याकडच्या असाव्यात. त्यांनी मान बघितली, दंड बघितला आणि लगेच विचारलं, "घरात बिबा वापरलाय का?"

बिबा सगळ्यांना माहीत असतो. काळं, चपटं, टणक फळ. पूर्वी परीट कपड्यांवर खूण करायचे ते याच्याच तेलानं, कारण ती खूण कधीच निघत नाही. पायात काटा मोडला तर बायका बिबा तापवून चटका देतात. दृष्ट लागू नये म्हणून दाराला बांधतात.

"न्हाय," अव्वा म्हणाली.

"नक्की? हे बिब्याच्या तेलानं होतं. गरम झाला की तेल सुटतं. कुणाला नुसता डाग पडतो, कुणाला असे फोड येतात."

"बिबा न्हाय बाई. ही भानामती हाय." अव्वा ठामपणे म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. औषध लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "मावशी, भानामती म्हणजे नक्की काय हो? मी शब्द खूप ऐकते इथं."

"ज्याचं कारण कळत न्हाय, ती भानामती."

"आणि कारण कळलं तर?"

अव्वानं पदर सावरला. मग म्हणाली, "कारण कळलं तरी करणारं कोण, ते राहतंच की."

मला तो शब्द लहानपणापासून तोंडपाठ होता, पण त्याचा अर्थ मला त्या खुर्चीवर बसून कळला. त्या शब्दाला काय झालं याच्याशी देणंघेणंच नाही. दूध का नासलं, डाग कशानं पडला, हे त्याला विचारायचंच नसतं. त्याला फक्त माणूस पाहिजे असतो.

घरी आल्यावर मी कुणाला न विचारता बाळंतिणीच्या खोलीत गेले. अव्वा मागून ओरडत होती. मी मोहरीची उशी उचलली. ज्या बाजूला बाळाची मान टेकायची, तिथं खोळीवर काळा डाग फुटला होता, वरून तेलकट. मी दातानं शिवण उसवली आणि उशी परातीत उलटी केली. मोहरी सांडली आणि मोहरीबरोबर काळे बिबे परातीत टणाटण वाजले. खालच्या शेगडीच्या धगीनं त्यांना तेल सुटलेलं होतं. परातीच्या कडेला बोट लावलं तर बोट काळं झालं.

अप्पा दारात आले. प्रभू आला. अक्षता बाळाला छातीशी धरून भिंतीला टेकली.

"ही उशी कुणी शिवली?" मी विचारलं.

अप्पांनी अव्वाकडं बघितलं. मग अव्वाच म्हणाली, "मी शिवली. मीच घातले बिबे."

"मग डॉक्टरला न्हाय का म्हणालीस?"

"असलं सांगायचं नसतं. सांगितलं की गुण जातो."

"कशाला घातलेस?"

अव्वानं माझ्याकडं बघितलं. ती लबाड बाई नाही. तिला खोटं नीट बोलता येत नाही, दवाखान्यात बोलली ते सुद्धा न सांगण्याचा नेम तिला पाळायचा होता म्हणून. ती म्हणाली, "तुझ्यासाठीच की. तुझी नजर लागू नये म्हणून."

मला वाटलं, आता अप्पा काहीतरी म्हणतील. अप्पा, ईश्वरप्पा, बाजारपेठेत ज्यांच्या शब्दाला मान आहे. वाद थांबवायचा झाला की आमचे अप्पा कानडीत बोलतात. "साकु," ते म्हणाले. म्हणजे पुरे. मग मराठीत म्हणाले, "झाली चूक. म्हाताऱ्या माणसाची चूक झाली. आता पोरीला औषध लावा आणि विषय संपवा."

चूक! मी त्या परातीकडं बघत राहिले. हेच बिबे माझ्या पेटीत सापडले असते तर? माझ्या हातून झालं असतं तर भानामती, आणि आईच्या हातून झालं म्हणून चूक. करणारं कोण ते राहतंच, असं हीच बाई डॉक्टरांना सांगून आली होती. आता करणारं सापडलं होतं, परातीशेजारी उभं होतं, पदरानं डोळे पुसत होतं, तर कुणी तो शब्द तोंडातून काढेना. मी म्हटलं, "मग आता म्हणा की. म्हणा, अव्वानं भानामती केली."

"जीभ झडंल तुझी," फुलाबाई म्हणाली. तीही अजून मुक्कामालाच होती.

औषधानं बाळाचे फोड बसले. अक्षताच्या दंडावर काळा डाग तेवढा राहिला. तिनं एकदा माझ्या हाताला हात लावून म्हटलं, "अक्का, माझ्या मनात कधीच न्हवतं." मी म्हटलं, "मग बोलली का न्हाईस?" तिनं दंडावरचा पदर ओढून घेतला. तिला मी फार दोष देत नाही. थोडा देते.

बारशाचा दिवस ठरला तेव्हा बाळ तीन महिन्यांचं झालेलं होतं. हातात येईल ते तोंडात घालायला लागलं होतं. माझ्या मनानं पुन्हा उचल खाल्ली. मी नवीन साडी काढून ठेवली. आदल्या दिवशी अव्वा तव्याजवळ येऊन बसली आणि एक भाकरी उगीच उलटीपालटी करत म्हणाली, "उत्कर्षाला सांगितलंय नाव ठेवायला. ती बी आत्याच की, चुलत असली म्हणून काय झालं."

"का?"

"मधल्या काळात ठरलं. तिला साडी बी घेतली. आता परत कसं सांगायचं?"

"पण आता तर कळलं की, मी काय केलं न्हाय म्हणून."

"व्हय की. कोण म्हणतंय तू केलं? पण लोकांच्या मनात असतंय. उगं पोरीच्या शुभकार्यात कशाला?" ती उठली आणि जाता जाता म्हणाली, "तू घुगऱ्यांचं बघ."

चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते ऐकून माहीत होतं. इथं संन्याशाला फाशी देऊन वर घुगऱ्या शिजवायला बसवलं होतं. आणि मी शिजवल्या. का शिजवल्या, विचारू नका. पोरगी माझी पण कुणीतरी होती.

बारशाला घर बायकांनी भरून गेलं. पाळण्याला झेंडूच्या माळा, रंगीत कागद, खुळखुळे. उत्कर्षा नव्या साडीत मिरवत होती. तिनं मोबाईलवरून नाव शोधून आणलं होतं, रियांशी. अर्थ काय विचारलं तर म्हणाली, "नेटवर लई चांगला दिला हाय." मी घुगऱ्यांचं पातेलं घेऊन स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी होते. तिथून पुढं जायचं नाही, हे कुणी सांगितलं नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

पाळणा म्हणून झाला. उत्कर्षा पदर सावरत पुढं सरकली. तेवढ्यात मला दिसलं. झेंडूच्या माळेआड, खुळखुळ्याच्या शेजारी, काळ्या दोऱ्यात ओवलेला बिबा लोंबत होता. एवढ्या बायकांची नजर पडणार म्हणून अव्वानं सकाळी बांधला असणार. बाळानं तो दोरा मुठीत धरला होता आणि मूठ ओढून ओढून तोंडाकडं नेत होतं.

मी ओरडू शकले असते. पण ओरडून त्या गोंधळात कुणाला ऐकू गेलं असतं, आणि माझं ऐकून पाळण्याकडं हात कोण घालणार होतं? मी पातेलं खाली ठेवलं. बायकांच्या मधून घुसले. उत्कर्षाला बाजूला लोटलं. पाळण्यावर वाकले, बाळाची मूठ सोडवली आणि दोरा हिसका देऊन तोडला.

मी वाकलेलीच होते. बाळ माझ्याकडं बघत होतं. त्याच्या मानेवरचा फोडांचा डाग फिकट झाला होता, आणि त्याचा कान माझ्या ओठांना लागत होता. मग मी सांगून टाकलं. हळूच, त्याला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हटलं, "शांभवी."

"पुटपुटली!" फुलाबाई किंचाळली. "बगा, बगा, पोरीच्या कानात पुटपुटली! हातात काळा दोरा हाय!"

माझ्या हातात काळा दोरा होताच. बिबाही होता. "हा अव्वानं बांधलाय," मी म्हणायला लागले. अव्वा माझ्या मागंच उभी होती. तिला ते माहीत होतं, एका शब्दात सांगता आलं असतं.

"काय म्हणालीस तिच्या कानात?" अव्वानं विचारलं. तिचा आवाज भीतीनं फाटला होता. माझी आई मला भ्याली होती.

"नाव सांगितलं."

कुणाला ते पटलं नाही. मी अक्षताकडं बघितलं. त्या नावाला दुसरी साक्षीदार तीच होती. तिनं बाळाला उचलून पदराखाली घेतलं आणि तोंड फिरवलं. कुणीतरी तो शब्द बोललं, या वेळी हळू नाही, दार न लोटता. आणि माझ्या पाठीत पहिला धपाटा बसला. तो अव्वाचा होता. मग फुलाबाईचा, मग आणखी कुणाकुणाचे. मी पाळण्याची कडा धरून वाकलेलीच राहिले, आणि रीत मात्र पूर्ण झाली. बारशाला नाव सांगितलं की आत्याच्या पाठीत धपाटे घालतात.